बिनकाट्याची करडई

१० ऑक्टोबर
जवळा बाजारहून बी आणलं. हरभरा, आणि कडेच्या चार ओळींना करडई. पिशवीवर लिहिलं होतं, बिनकाट्याची. दुकानातच दोनदा वाचलं. मागच्या साली काट्याची करडई कापायला बाया मिळाल्या नाहीत, उभीच वाळली. हे होते तेव्हा हेच कापायचे, सकाळच्या दवात, हाताला चिंध्या गुंडाळून. तरी संध्याकाळी तळहात पुढे करायचे. मी सुईनं काटे काढायची.

२० ऑक्टोबर
पेरणी झाली. दिनकरभाऊजी, माझे दीर, धुऱ्यावर, मधल्या बांधावर उभे. त्यांचं वावर माझ्याला लागून, आतल्या अंगाला. "वैनी, ओढ्याकाठची पट्टी यंदा तरी नांगरा. गवत काहून ठेवलं? रोह्यांसाठी?"
व्हय म्हटलं. रोही, म्हणजे नीलगाई, त्या पट्टीतून पाण्याला जातात. आत वळले की करडईचा काटा लागतो, मागे फिरतात. ह्यांचं म्हणणं, जनावराला वाट द्यावी आणि कडेला काटा. मग भांडण राहत नाही.

१४ डिसेंबर
हरभरा फुलावर. करडई गुडघ्याच्या वर. पानं मऊ. कापताना त्रास होणार नाही, एवढंच डोक्यात आलं.

२१ डिसेंबर
ओढ्याकडचा अर्धा एकर खाल्लेला. करडईतून सरळ वाट पडली आहे. मोठ्या खुरांचे ठसे, मागे एक लहान. तांड्यावरची जमनाबाई निंदायला आली होती. पान चोळून म्हणाली, "बाई, यात काटा कुठंय? ही तर भाजी झाली."
मीच आणली. वाचता येत नसतं तर दुकानदाराला बोल लावला असता.

२४ डिसेंबर
आज भाऊजींचं वावर. ओट्यावर येऊन बसले, चहा घेतला नाही. "वैनी, तुमची दया माझ्या वावरात चरून राहिली."
तुमच्या कडेनं तार ओढतो म्हणाले, रात्री करंट सोडायचा.
म्हटलं, जमनाबाई अंधार असतानाच येते त्या वाटेनं.
"तिला सांगून ठेवा."
आणि रोही?
"रोही काय तुमची सोयरी आहे?"
भाऊजी वाईट नाहीत. ह्यांना शेवटी खांदा त्यांनीच दिला. सोयाबीन पाण्यात गेलं. हरभरा गेला तर त्यांच्याकडे दुसरं काही नाही. माझ्याकडेही नाही.

२६ डिसेंबर
भाऊजींनी तारेचं भेंडोळं दारात आणून टाकलं. तार ओढण्याआधी चार दिवस मी मागून घेतले. जमनाबाई आणि मी बोरी-बाभळीच्या फांद्या तोडून कडेला लावतो आहोत. रस्त्याकडची बाजू झाली. जमनाबाई म्हणाली, "आधी काट्यावाचून करडई आणली, आता करडईवाचून काटे आणून राहिल्या." हसले. किती दिवसांनी.

२८ डिसेंबर
दिवस उगवताना पाहिलं. मादी पट्टीतच उभी. पिल्लू हरभऱ्यात, शेंडे खात. मी दगड उचलला. ह्यांनी मारला नसता. मी मारला. लागला नाही. ओढ्यापर्यंत पळालं, तिथून माझ्याकडे बघत राहिलं. दुपारी परत आत.
ह्यांच्या वेळी असा दगड कधी उचलावा लागला नाही. तेव्हा काटा होता.

३० डिसेंबर
हरभऱ्याला घाटे धरू लागले. ओढ्याकडची बाजू निम्मीच झाली. फांद्या संपल्या. आसपासच्या बाभळी ओरबाडून झाल्या. धुऱ्यावरची एक उरली. तिच्यावर कोतवाल पक्षी बसतात, घाट्यातली अळी तेच टिपतात. ती तोडली तर बाजू कदाचित पुरी होईल. मग अळीला फवारे मारा. हे असते तर काय केलं असतं, हे आता विचारून...

भाऊजी संध्याकाळी आले. आवाज चढवला नाही. "सकाळी येतो. न विचारता न्हाई नेणार. तार तुमच्या हातानं द्या, नाहीतर तोंडावर न्हाई म्हणा."

उजव्या तळहातात काटा गेला आहे. खोल आहे. डाव्या हातानं सुई धरवत नाही, दोनदा करून बघितलं. राहू दिला.

कुऱ्हाड दारातच टेकवली आहे. भेंडोळ्याशेजारी.