शाळेच्या फाटकापाशी

प्रिय क्लेमांस,

इथे सगळं ठीक आहे असं लिहून कागद वाया घालवत नाही. तुझे बाबा विसरायला लागले आहेत. हिवाळ्यात चष्मा आणि किल्ल्या विसरत होते, तेव्हा वय झालं म्हणून मी सोडून दिलं. आता माणसं आणि रस्तेही विसरतात. डॉक्टर म्हणतात, हा उन्हाळा झाला की पाहुण्यांना महाल दाखवायच्या सायकल सहली बंद करा. हे त्यांना सांगणार कोण? माझं ऐकतील तर ते गास्पार कसले. तुझं ऐकलं असतं कदाचित, पण तू 'मेलेल्या राजांची घरं दाखवत जन्म काढणार नाही' म्हणालीस, ते 'मग या घराची पायरी चढू नकोस' म्हणाले, आणि तू दूर लील शहरात निघून गेलीस. दोघंही एकाच मातीची. शब्द मागे घ्यायचा कोणी?

गंमत म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचं सगळं त्यांना तोंडपाठ आहे. गेल्या आठवड्यात अझेच्या महालासमोर त्यांनी नेहमीची गोष्ट रंगवली. राजाचा खजिनदार घोटाळ्याच्या चौकशीला घाबरून पळाला, आणि महाल उभा करताना सगळी देखरेख केली होती ती त्याच्या बायकोने. "आमच्या घरासारखंच. नाव माझं, राबते ही," म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. सहलीला आलेल्या बेल्जियमच्या बायका खूप हसल्या. मग नदीकाठी जेवताना त्यांतल्या एकीला ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "तुम्ही कुठल्या?" तिला वाटलं थट्टा चालली आहे. ती दर वेळी नवं शहर सांगायची. मी बकरीचं चीज कापत होते, कापतच राहिले.

आपली रीत तुला माहीत आहे. पुढे बाबा, मध्ये पाहुणे, शेवटी मी. पुढचा वळला की सगळ्यांनी वळायचं, आणि मागच्याने पाहुण्यांदेखत पुढे जायचं नाही. लग्न झाल्यापासून मी ती मोडली नव्हती. मंगळवारी विलांद्रीच्या बागा पाहून निघालो, तर द्राक्षमळ्यांपाशी डावीकडे वळायचं सोडून ते सरळ आपल्या गावात शिरले. मला मागून दिसत होतं. हाक मारली असती तर चारचौघांत त्यांची शोभा झाली असती, म्हणून मुकाट्याने पेडल मारत राहिले. ते थांबले तुझ्या शाळेच्या फाटकापाशी. शाळा कधीचीच बंद पडली, आता तिथे गावचे ट्रॅक्टर उभे असतात. बाबांनी सायकल भिंतीला टेकवली आणि पाहुण्यांना म्हणाले, "जरा दम धरा. पोरीची शाळा सुटेल एवढ्यात. तिला घेऊनच निघू."

तेव्हा मी सगळ्यांना ओलांडून पुढे गेले. पाहुण्यांना म्हटलं, "प्रबोधनकाळातलं रोज बघताय, आज आमच्या काळातलं एक बघून घ्या." बिचाऱ्यांनी ट्रॅक्टरांचे फोटो काढले. बाबांना हळूच म्हटलं, "गास्पार, चल. तिला आज उशीर होणार आहे."

"का? पुन्हा शिक्षा झाली?"

"झाली असेल."

"तोंड फार चालतं तिचं," ते म्हणाले. "माझ्यावर गेली आहे." आणि किती खूश दिसले सांगू. मग मी पुढे निघाले आणि ते माझ्या मागून निमूट आले.

सहली बंद करायचं मी बघून घेईन. तू येऊन त्यांची जागा घे, असंही म्हणत नाही. लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. काल संध्याकाळी मी मुद्दाम विचारलं, क्लेमांस घरी का येत नाही? त्यांनी बराच विचार केला. "कामात असेल," म्हणाले. ते भांडण त्यांना आठवत नाही, पोरी. ते आता फक्त तुझ्याकडे उरलं आहे. तू ज्या माफीची वाट बघते आहेस ती तुला कधीच मिळणार नाही, कारण कशाची मागायची तेच त्यांना ठाऊक नाही. पण आज दारात उभी राहिलीस, तर तुला ओळखतील. पुढच्या उन्हाळ्याचं मी सांगू शकत नाही. ये.

तुझीच,
आई