पुढून कापणारे यंत्र आणि सड्याचा वरचा तुकडा

मी, कनीज, मरहूम सुलेमान दाऊद होडेकर यांची बायको, वय त्रेसष्टच्या आसपास, राहणार कर्ला, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. मला चष्मा आहे, गुडघे दुखतात, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी दरडावले म्हणून किंवा गोड बोलले म्हणून लिहीत नाही. याआधी असे काही लिहिलेले नाही. मी शाळेत गेले नाही. पती परदेशी असताना त्यांची पत्रे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची लाज वाटे, म्हणून मुलीच्या पाटीवर तिच्याबरोबर अक्षरे गिरवली. शब्द कोर्टाचे नसतील तिथे अर्थ धरावा.

१. मला दोन अपत्ये. मुलगा अहमद, कुवेतला नोकरीस. मुलगी जन्नत, संगमेश्वरास दिलेली. आमच्या धर्माप्रमाणे वारसांचे हिस्से ठरलेले आहेत. त्यात मला हात घालता येत नाही आणि घालायचाही नाही. कफन-दफन आणि कोणाचे देणे निघाल्यास ते आधी भागवावे. त्यानंतर जे उरेल त्याच्या तिसऱ्या भागापर्यंत मी वारस नसलेल्या माणसास देऊ शकते. हे कागद त्या तिसऱ्या भागाचे आहेत. बाकीचे माझ्या लिहिण्यावाचूनही वाटले जाईल.

२. घरातील माझा हिस्सा, पोस्टातील शिल्लक व अंगावरचे दागिने वारसांत नियमाप्रमाणे जावेत. माझ्या नणंदेने यांचे मनगटी घड्याळ मयतीच्या तिसऱ्या दिवशी बघायला म्हणून नेले, ते ती अजून बघते आहे. मी तिला माफ केले आहे. घड्याळ मात्र आणावे, ते अहमदचे आहे.

३. सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळमाळावरची, आंब्याची बाग मला निकाहाच्या मेहेरात मिळालेली, सातबाऱ्यावर माझे नाव आहे. तिचा वरचा तुकडा, म्हणजे दगडी गडग्यापलीकडचा, ज्यात टोकाची कलमे व त्यापुढील उघडा कातळ येतो, तो सोडून सर्व बाग वारसांची. वरच्या तुकड्याचे पुढे लिहिले आहे.

४. गवत कापायचे यंत्र. याबद्दल जरा लांब लिहावे लागेल, कारण माझ्या मागे भांडण झाले तर याच्यावरूनच होईल.

माझे पती कुवेतला एका तेल कंपनीच्या वसाहतीत बागकामावर होते. वाळवंटात पाणी पाजून वाढवलेले गवत कापायचे, हे त्यांचे काम. दोन वर्षांनी सुट्टी मिळे, ती नेमकी उन्हाळ्यात. पत्रात लिहीत, तिकडे आपल्या सड्यावर गवत कमरेएवढे झाले असेल आणि मी इकडे बोटभर गवत कापतो आहे. कंपनीने जुनी यंत्रे काढून टाकली तेव्हा त्यांनी त्यातले एक घेतले आणि एक्याऐंशी साली नोकरी सोडून त्याच्यासह बोटीने मुंबईस उतरले. लोक टेपरेकॉर्डर आणतात, सोने आणतात. ट्रकवाल्याने हातखंब्याला उतरवून दिले, पुढे येणार नाही म्हणाला, तर तिथून घरापर्यंत ते त्यावरच बसून आले. मागे एस.टी. हॉर्न देत होती. गावात हसले नाही असे कोणी उरले नाही. मीही बोलले, इतक्या वर्षांनी आलात आणि हे आणलेत. तेव्हा शेजारचे हसन मुकादम बसलेले होते. त्यांच्यासमोर यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"सोने आणले नाही म्हणून तोंड वाकडे करतेस ना? घे. आजपासून हे तुझे. मी तुझा गडी."

हसत म्हणाले, पण ते बक्षीस होते, किल्ली मी घेतली होती आणि हसन मुकादम हयात आहेत. म्हणून यंत्र माझे आहे, यांच्या इस्टेटीत धरू नये.

या यंत्राची कापायची पाती पुढे असतात, इंजिन आणि माणूस मागे. कलमाच्या फांद्या जमिनीला टेकतात, तिथे माणूस बाहेर बसतो आणि पाती तेवढी फांदीखाली जातात. गवत चाकाखाली दबायच्या आधी कापले जाते. वळतात मात्र मागची चाके. त्यामुळे पुढे बघणाऱ्याचे बूड कुठे गेले ते त्याला कळत नाही. अहमदने एका सुट्टीत चालवून बघितले, कलमाच्या खोडाला अजून खूण आहे.

लग्नानंतर आम्ही एका घरात सलग राहिलो ती त्यांची शेवटची चार वर्षे. बाकी सगळे पत्रांतले. म्हणून त्या इंजिनाचा आवाज आणि त्यांचे घरी असणे माझ्या कानाला एकच झाले. आवाज थांबला की मी चहा ठेवायची, पाणी उकळेपर्यंत ते पायरीवर येत. याहून जास्त सुख मी मागितले नव्हते.

५. धाकू बाबू गोताड, राहणार वरची वाडी. सड्यावरचे गवत त्याची माणसे विळ्याने कापत, अर्धे भारे आम्हाला, अर्धे त्यांना. त्यावर त्यांची छपरे शाकारली जात आणि गुरे जगत. पहिल्याच दिवाळीत यांनी हौसेने सगळा सडा यंत्राने कापून काढला. तिकडे कापलेले गवत फेकून देत, म्हणून यांना दुसरे सुचलेच नाही. धाकू विळा घेऊन आला तर कातळावर नुसता चुरा. त्याने मूठभर उचलून यांच्यासमोर धरला.

"शेट, ह्याचा भारा बांधू कसा? घरावर काय घालू, भुसा?"

हे म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. धाकू म्हणाला, पाऊस पुढच्या वर्षापर्यंत थांबनार हाय काय. तो गेला तो आमच्या पायरीवर परत चढला नाही. पुढच्या वर्षापासून यांनी उघडा कातळ विळ्यासाठी राखला आणि यंत्र फक्त कलमांखाली फिरवले. धाकूची माणसे येत, गवत कापत, अर्धे भारे ठेवून जात. तो स्वतः गडग्यापलीकडून बघे, बोलत नसे. हेही बोलत नसत. दोघेही हट्टी होते. समेट करायला मी गेले नाही. दोन पुरुषांच्या अबोल्यात बायकांनी पडू नये असे मला शिकवले होते. ते चुकीचे शिकवले होते.

६. यांचा इंतकाल पंच्याऐंशीच्या ऑगस्टात झाला. मी इद्दतीत बसले. चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर जायचे नसते. पाऊस संपला, गवत वाळायला लागले. यंत्र शेडमध्ये. पलीकडच्या सड्यावर कोणाच्या विडीने वणवा लागला तर आमची कलमे कोळसा होतील, हे मला आत बसून दिसत होते. मजूर विळ्याने कापून पुरे पडले नसते आणि अहमदला रजा नव्हती.

एका सकाळी सड्यावरून तो आवाज आला. मी उठले आणि चहाचे पाणी ठेवले. साखर घालेपर्यंत मला काही आठवले नाही. मग आठवले.

मी सोबतीला येऊन राहिलेल्या जन्नतला पाठवले, कोण आहे बघ आणि कोणाला विचारून हात लावला ते विचार. ती परत आली ती हसू की रडू अशा तोंडाने. धाकू होता. गडग्यापलीकडून चार वर्षे बघून शिकला होता. त्याने सांगितलेले तिने तसेच सांगितले.

"शेट नाय म्हनून गवत वाढायचा थांबत नाय. भाभीला सांग, शेड मी उघडली. चोर म्हना काय म्हना."

मी जन्नतबरोबर तो चहा पाठवला. तेव्हापासून दरवर्षी तोच कापतो.

७. यंत्राची निगा धाकूच राखतो. सड्यावर दगड लागून पात्यांच्या धारा जातात, त्या तो कानशीने लावतो. पट्टा तुटला तेव्हा भातगिरणीचा बसवला. खाऱ्या हवेने पत्रा सडतो, म्हणून पावसाआधी जुने ऑइल फासतो. खंडेनवमीला झेंडूची माळ घालतो. ती त्याने पुढेही घालावी, माझ्या घरातल्या कोणी हरकत घेऊ नये.

८. अहमद गेल्या सुट्टीत हातखंब्याहून भंगारवाला घेऊन आला होता. मी म्हटले, चालते आहे. तो म्हणाला, "आई, बाबांची आठवण हवी तर सीट काढून ठेव. बाकीचा नुसता सांगाडा आहे." तो वाईट मुलगा नाही. त्याचे बाबा त्याला पत्रातच भेटले, त्याच्या कानात हा आवाज नाही. त्याला बाग मक्त्याने द्यायची आहे, तीही त्याची मर्जी. त्याच्या हिश्श्यात मी बोलणार नाही. भंगारवाल्याला मात्र मी चहा दिला नाही.

९. म्हणून लिहिते की सदर यंत्र, शेड, पाने, कानशी, ग्रीसचा पंप व राखून ठेवलेले पट्टे माझ्या मृत्यूनंतर धाकू बाबू गोताड याच्या मालकीचे व्हावेत. हे जन्नतला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "यंत्र देशील, पण बाग मक्त्याने गेली तर तो ते फिरवील कुठं?" त्यावर मी बरेच दिवस विचार केला. कलम ३ मधील वरचा तुकडा, कलमांसकट व कातळासकट, त्यालाच द्यावा. कलमांखाली त्याने यंत्र चालवावे, कातळावर त्याच्या वाडीने विळा चालवावा. यंत्र व तुकडा मिळून माझ्या तिसऱ्या भागाच्या आत बसतात, हे मी काझीसाहेबांना व वकिलाला दोनदा विचारून घेतले आहे. अहमदने मनाला लावून घेऊ नये. त्याच्या वाटणीतून काही जात नाही, माझ्यातून जाते.

१०. अंमलबजावणी जन्नतने करावी. मला यांच्या शेजारी जागा मिळाली तर पाहावे, न मिळाल्यास हट्ट करू नये. आयुष्याचा बराच भाग आम्ही लांबच काढला आहे.

११. आज साक्षीला माणूस लागतो असे ऐकून धाकू आपणहून आला. धुतलेला सदरा घालून. यांच्यामागे प्रथमच पायरी चढून आत बसला. ज्याला मिळायचे त्याने साक्ष देऊ नये असे वकिलाने सांगितले होते, आणि आत काय लिहिले आहे ते त्याला सांगायचे नव्हते. सांगितले असते तर त्याने घेतले नसते. मी म्हटले, तुझी नको, दुसऱ्याची चालेल.

"माझा अंगठा चालत नाय व्हय, भाभी?"

मी कागद पालथा ठेवला. तो उठून गेला. आता वर सड्यावर इंजिन जोरात ओढतो आहे, इतक्या जोरात ते ओढायचे नसते.

मी गेल्यावर जन्नतने त्याच्या वाडीत जावे, त्याला इथे बोलावू नये. कलम ९ त्याला सर्वांत आधी वाचून दाखवावे, हे ११ वे त्यानंतर. सांगावे की त्याचा अंगठा का घेतला नाही.

येणेप्रमाणे वाचून, समजून सही केली.

सही: कनीज सुलेमान होडेकर

आमच्यासमोर बाईंनी सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली:
१) हसन इस्माईल मुकादम, कर्ला
२) दादू महिपत रेवाळे, वरची वाडी (यांना आतला मजकूर सांगितलेला नाही, सांगायचाही नाही)

ठिकाण: कर्ला, रत्नागिरी
बुधवार, दि. २ नोव्हेंबर १९८८