कडबाकुट्टीचे नट

आई, तुझी कडबाकुट्टी अजून गोठ्याच्या कोपऱ्यातच आहे, हे आधी सांगतो. भंगारवाला दोनदा येऊन गेला, पण मी दिली नाही. त्या गोष्टीचा मला लई अभिमान होता. आता कुणी तिच्याबद्दल विचारलं तरी मान वर होत नाही.

तू असताना खंडेनवमीच्या सकाळी गोठ्यात पोतं अंथरून बसायचीस. हळदीकुंकवाचं ताट बाजूला पडलेलं, आणि तू पाना घेऊन एकेक नट सैल करायचीस, डिझेलात भिजवलेल्या चिंधीनं पुसायचीस, ग्रीसचं बोट फिरवून पुन्हा आवळायचीस. एखादा जाम झालेला निघाला की तासभर त्याच्यापाशीच. भोवतीनं हातोडीनं टकटक करायची, डिझेल मुरू द्यायचं, आणि सोडायच्या आधी उलट थोडा आवळायचा. मी तेव्हा नव्या नवलाईचा गडी, लग्न होऊन वर्ष नव्हतं झालं. नारायणगावच्या बाजारातनं ऑइलपेंटचे डबे घेऊन आलो आणि तुला म्हणालो, कशाला हात काळे करती, मी रंगवून चकाचक करतो. तू वर न बघताच म्हणालीस, "आरं, तोंडाला पावडर लावायची आन दात घासायचं न्हाईत, तसली तुझी तऱ्हा!" तुझी सून पदर तोंडाला लावून हसली. मला तिच्यादेखत बोललीस याचाच राग आला. त्या रागात तू काय करत होतीस ते बघायचं राहूनच गेलं.

तू गेल्यावर मला अडवणारं कुणी उरलं नाही. दर खंडेनवमीला पाइप लावून मशीन धुवायचो आणि धड वाळायच्या आत रंग फासायचो. चाक लाल, अंग निळं, आणि नटबोल्ट रुपेरी. झेंडूची माळ घालून फोटो काढायचा, स्टेटसला ठेवायचा. खाली लिहायचो, आईची आठवण. लोक म्हणायचे, राव, शोरूममधली वाटती! आणि मी फुगायचो. पाना कुठं आहे हेही मला माहीत नव्हतं, आई. तुझं नाव मात्र दरवर्षी वापरलं.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी तुझी सून मशीनमध्ये गुरांसाठी उसाचं वाढं घालत होती. मी धारेची भांडी विसळत होतो. ती अशी ओरडली की माझ्या हातातली बादलीच पडली. धावत जाऊन बटण बंद केलं. बघतो तर वाढ्याबरोबर तिची बोटं दोन रोलरच्या मधे गेलेली, आणि पाती तिथनं वीतभर पुढं. चाक उलटं फिरवायला गेलो तर आत चारा ठासून बसलेला, हलेना. वरचा रोलर उचलायचा तर दोन्ही बाजूंचे नट सैल करायला हवेत. शेजारच्यानं पाना आणून दिला. मी सगळा जोर लावला. रुपेरी रंगाची पापुद्री निघाली, खाली गंजाचा तांबारा, आणि नट जागचा हलत नाही. एका खंडेनवमीचा रंग, त्याखाली त्याच्या आधीचा, त्याखाली अजून एक. ती खाली बसलेली, हात वर अडकलेला, ओठ पांढरे पडलेले. शेजारी म्हणाला, "भाऊ, आळेफाट्यावरनं गॅसवाला आणतो, तापवून काडू." मी हो म्हणणार होतो. तीच म्हणाली, "नको, लोखंड तापलं तर माजा हात भाजंल की!"

मी पुन्हा पान्यावर लोंबकळलो. तशी ती ओरडली, "आवं, असं नका करू, मुंडी तुटंल त्याची! मग कुठनं काडता? आत्याबाई कशा करायच्या ते आठवा की." मला आठवत नव्हतं. आई, मला खरंच काही आठवत नव्हतं. मग तीच एकेक सांगत गेली, मधेच कळ आली की दात आवळत. डिझेल सोडा. आता भोवतीनं ठोका, हळू. थांबा जरा, मुरू द्या. आता आवळा. मी म्हटलं, आवळू कशाला, सोडायचाय ना? "आदी आवळा म्हन्ते ना!" मी आवळला. आत कुठंतरी करकर असा बारीक आवाज झाला, आणि उलट फिरवल्यावर नट सुटला. मग दुसऱ्या बाजूचा. रोलर वर उचलला तेव्हा तिनं हात पोटाशी धरला आणि मग कुठं रडली.

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून वाकत नाहीत. दवाखान्यात भेटायला येणारा जो तो माझीच पाठ थोपटत होता. भाऊ, डोकं शांत ठेवलंस म्हणून हात वाचला, दुसरा असता तर बावचळला असता. तीसुद्धा कौतुकानं सांगायची, "आमच्या ह्यांनी सोडवलं." मी खाटेच्या कडेला बसून पावण्यांना चहा विचारायचो. नट कशानं जाम झाले ते कुणी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. जुनी मशीन हाय, असंच सगळे धरून चालले. एवढी लाज मला तुझ्या शिव्यांनी कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर सगळा रंग खरवडला. एकूण एक नट काढला, घासला, ग्रीस लावून बसवला. आता दर अमावास्येला पोतं अंथरून तेच करतो. रस्त्यानं जाणारे थांबून बघतात, म्हणतात, अगदी आईवर गेलाय. पण ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मी तुझ्याशिवाय कुणाला सांगू शकत नाही.

मशीन बंद असली की मी तिच्यात खांद्यापर्यंत हात घालतो. चालू झाली की मला तिच्यासमोर उभं राहवत नाही. वैरणीची पेंडी उचलतो आणि पाय मागंच येतात. पहिल्या दिवशी तुझ्या सुनेला म्हटलं, जरा दुधाचं बघून येतो. दुसऱ्या दिवशीही काहीतरी म्हटलं. आता काही म्हणावंही लागत नाही. मी बटण दाबून त्याच्याजवळ उभा राहतो, आणि आई, वैरण अजून तीच घालते, डाव्या हातानं.