उतारावर वाचवलेलं डिझेल

प्रिय लंबू,

साहेब झालास, केबिन मिळाली, तरी माझ्या तोंडी हेच नाव येतं, त्याला इलाज नाही. आधी चांगली बातमी. तुझ्या भावोजींचा पाय वाचला. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि बोटं हलवा म्हणाले. बराच वेळ काहीच होईना, मग अंगठा हलला. मी बाहेर जाऊन रडून घेतलं आणि आत येऊन म्हटलं, “आता ब्रेक काय अंगठ्याने दाबणार?” ते हसले. अपघातानंतर पहिल्यांदा हसले. चालायला वेळ लागेल, ट्रक चालवण्याचं मात्र डॉक्टर काही बोलत नाहीत आणि आम्ही दोघंही विचारत नाही.

तू दवाखान्यात आलास तेव्हा कसं झालं म्हणून विचारलंस, तर मी नुसतं “ब्रेक लागले नाहीत” एवढंच म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. आज सगळं सांगते. मध्येच पत्र बाजूला ठेवू नकोस.

तुमच्या कारखान्याच्या बाटल्यांचं काम तू आम्हाला मिळवून दिलंस, तेव्हा आपल्या घरात कोण आनंद झाला होता! तुझे भावोजी तर टपरीवर सगळ्यांना चहा पाजून आले, मेहुणा असावा तर असा म्हणून. पहिल्या करारात एक ओळ होती, डिझेल वाढलं तर त्या हिशेबात भाडंही वाढेल. पुढच्या करारात ती ओळ गेली. मी विचारलं तर तू म्हणालास, “तायडे, वरच्यांनी काढलीय. सही करून टाका, मी आहे ना.” आम्ही सही केली. नंतर डिझेल चढत गेलं आणि भाडं जागचं हललं नाही. तुला वेगळं सांगायला नको, भाड्यातला निम्म्याहून मोठा घास डिझेलच खातं. उरतं त्यात टायर, टोल, ड्रायव्हरचा पगार, गाडीचा हप्ता. यातलं काय कमी करणार? टोलवाला ओळख दाखवून सोडत नाही आणि टायर समजूत घालून चालत नाही.

तरी आमच्या गाड्या चालत होत्या. मला तेच कळेना. डिझेल मी भरून द्यायचे, घाटातला रस्ता मला पाठ, आणि तुझे भावोजी प्रत्येक खेपेला टाकीत काहीतरी शिल्लक घेऊन परत यायचे. विचारलं की म्हणायचे, “हातात कसब लागतं.” मला वाटायचं, हा माणूस वाटेत जेवत नाही की काय. शेवटी त्या दिवशी मी हट्टच धरला, मीही येणार. त्यांनी नाना कारणं सांगितली. केबिनमध्ये उकडतं, सीट मोडकी आहे, तुला गाडी लागते. मी डबा घेऊन चढूनच बसले.

घाट लागेपर्यंत ते नेहमीसारखे होते. माथ्यावर आलो, उतार सुरू झाला आणि त्यांनी गिअर काढला. इंजिनाचा आवाज एकदम बसला. एवढा मोठा ट्रक, वरपर्यंत भरलेल्या बाटल्या, आणि आत असं शांत, की पेट्या एकमेकींना घासताना ऐकू येत होत्या. मी विचारलं, हे काय केलंत? म्हणाले, “न्यूट्रल. उताराला गाडी आपल्या पायाने जाते, तिला डिझेल कशाला पाजायचं?” कसब ते हेच होतं. गिअरमध्ये असली की इंजिन गाडीला मागून धरून ठेवतं. गिअर काढला की तो लगाम सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर. हे तेच मला सांगायचे, लग्न नवीन असताना, नव्या ड्रायव्हरांना कसे दम भरतो त्याच्या गोष्टी म्हणून.

पहिली वळणं नीट गेली. मग जळका वास आला. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते माझ्याकडे बघेनात. ब्रेकवर पाय सारखा पडत होता, ब्रेकच्या हवेचा काटा खाली येत होता, आणि मग तो भोंगा वाजायला लागला, हवा संपत आली की वाजतो तो. त्यांनी गिअर घालायचा प्रयत्न केला. करकर आवाज झाला, गिअर पडला नाही. पुन्हा केला. पुढे एक छोटी मोटार होती, तिच्या मागच्या काचेतून दोन पोरं आमच्याकडे बघून हात हलवत होती. हॉर्न ऐकून ती आणखीच हसायला लागली. लंबू, मी डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते. डोंगर त्यांच्या बाजूला होता, दरी माझ्या. ते म्हणाले, “घट्ट धर,” आणि स्टिअरिंग डोंगराकडे फिरवलं. समोरून त्या वेळी कोणी येत नव्हतं, हे नशीब. त्यांच्या बाजूचा दरवाजा, त्यांचा पाय, सगळं खडकाला घासत गेलं आणि गाडी थांबली. मला नुसतं खरचटलं. त्या मोटारीतल्या लोकांना काही कळलंही नसेल. पुढच्या वळणावर गेली ती गेली.

ते म्हणतात, चूक माझी, गिअर मी काढला. खरंच आहे, कोणी त्यांचा हात धरला नव्हता. पण मी दवाखान्यात बाकड्यावर बसून इतर ड्रायव्हरांना विचारलं. भेटायला येईल त्याला विचारलं. तुमच्या गेटवर उभे राहणारे जवळजवळ सगळेच उताराला गिअर काढतात. कोणी मान खाली घालून सांगितलं, कोणी बढाई मारत. एवढे सगळे एकदम बेफिकीर झाले, असं तुला वाटतं का?

आणि मग तू आलास. व्हरांड्यात मला बाजूला घेतलंस, डोळे लाल होते तुझे. म्हणालास, “तायडे, गिऱ्हाइकांकडून डिझेलचा जादा आकार आम्ही कधीचाच घेतोय. बिलात लावतो. तुमच्यापर्यंत तो येऊ देत नाहीत. मी दोनदा बोललो, मला गप्प बसवलं.” आणि लगेच माझा हात धरलास, हे कुणाला सांगू नकोस, माझी नोकरी जाईल. मी मान हलवली. त्या वेळी मला फक्त आत खाटेवरच्या त्यांच्या पायाची काळजी होती.

पैलवानला तू ओळखतोस, आमची दुसरी गाडी चालवतो तो. काल तो किल्ली मागायला आला. तुमच्याच बाटल्या, तोच घाट, तेच भाडं. म्हणाला, “वहिनी, काळजी नको, मी सांभाळून उतरतो.” मी किल्ली दिली नाही. तो चिडून गेला. त्याच्या घरी बसून खाणारी माणसं आहेत, त्याचंही चुकत नाही.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू मला पुरतं बोलू दिलं नसतंस, म्हणून लिहून लेकीच्या हाती पाठवतेय. उद्या सगळे गाडीवाले तुमच्या साहेबांना भेटायला येणार आहेत. भाड्याची ती ओळ करारात परत घालेपर्यंत तुमच्या गेटवर माल भरायला एकही गाडी येणार नाही. बोलायला त्यांनी मला पुढे केलंय. साहेब म्हणतील, डिझेलचा भार कंपनीच सोसतेय, आम्ही कुठून देणार? तेव्हा तू व्हरांड्यात जे सांगितलंस ते मी सांगणार आहे. तुझं नाव घेणार नाही, पण माझा भाऊ कोण हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. त्यांना कळायला वेळ लागणार नाही. तुझ्या घराचा हप्ता, बाळ, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुला दिलेला शब्द मी मोडतेय आणि तुझ्या पाठीमागे मोडायचा नाही म्हणून आजच कळवतेय. तू मला अडवू नकोस, मी ऐकणार नाही. जमलं तर एवढंच कर, मी तोंड उघडायच्या आधी तूच बोल. नाहीच जमलं, तर समोर बसून माझ्याकडे बघू नकोस, माझा आवाज जाईल.

तुझीच, उद्याही तुझीच,
तायडी