जाग आल्यावर नेट जातं

४ एप्रिल २०१६, सोमवार

आज कामावर रुजू झालो. एसटीतनं उतरलो तेव्हा आईनं बांधून दिलेल्या भाकरी अजून ऊन होत्या. आमचं गाव फुलंब्रीच्या अलीकडं, तसं काही लांब नाही. पण आमच्या घरात शहरात पगारावर लागलेला मी पहिलाच. माझे वडील, दादा, अजून मेंढ्या राखतात. यंदा चारा नाही म्हणून कळप घेऊन गोदावरीकाठाकडं निघालेत. फोनवर म्हणाले, रामहरी, सावलीत बसायचं काम मिळालं, टिकव.

ऑफिस औरंगपुऱ्यात, एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मालक तात्यासाहेब. धंदा पाण्याच्या टँकरचा. शहराच्या कडेला इतक्या नवीन कॉलन्या झाल्यात आणि नळाला पाणी इतकं कमी, की फोन खाली ठेवायला फुरसत नाही. आता वेबसाइटवरूनही बुकिंग घेतात, म्हणून कॉम्प्युटर सांभाळायला मी. चार मशीन, एक राउटर, एक प्रिंटर. डिप्लोमाच्या मानानं काम हलकं आहे. मला चालेल.

बुकिंग बघून टँकर पाठवायचं काम सुकेशनीताईचं. दिवसभर लोक फोनवर ओरडतात आणि ती एकाच सुरात म्हणते, होय ताई, होय दादा. म्हणाली, पहिल्या महिन्यात कान बधिर झाले, मग त्रास संपला. ड्रायव्हर खंडेराव आमच्याच भागातला निघाला, दादांना नावानं ओळखतो. खेप करून आला की माठातलं पाणी तांब्या उंच धरून घटाघटा पितो आणि उरलेलं मानेवर ओततो. त्यावरनं सुकेशनीताईच्या शिव्या खातो.

खोली पुंडलिकनगरात घेतली. गच्चीवरची आहे, तापते. पण गच्चीवरनं सगळं शहर दिसतं. आज फार बरं वाटतंय.

७ एप्रिल, गुरुवार

पहिलं खरं काम. तीन नंबरचं मशीन. जेवणाच्या सुट्टीत कोणी हात लावला नाही की ते झोपतं. परत आल्यावर माउस हलवला की जागं होतं, पण नेट गेलेलं असतं. कोपऱ्यातल्या वायफायच्या खुणेवर लाल फुली. बाकी तीन मशीन त्याच राउटरवर चांगली चालतात.

राउटर बंद करून चालू केला. काही नाही. मशीन रिस्टार्ट केलं, नेट आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होणार हे मला कळत होतं. नवीन विंडोज टाकल्यावर असं बऱ्याच ठिकाणी होतं. मशीन उठतं, वायफायचं कार्ड उठत नाही. सुकेशनीताईला तसं सांगितलं. ती हसली, म्हणाली, आमच्या घरात पण एकजण तसाच आहे.

११ एप्रिल, सोमवार

ड्रायव्हर काढून नव्यानं टाकला. तासभर गेला. जेवून आलो तर पुन्हा लाल फुली.

पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. लाल फुली असतानाच त्या मशीनवर एक बुकिंग आलं. नेट नसताना येऊ शकत नाही. नाव नाही, मोबाइल नाही. पत्ता, पुंडलिकनगरच्या पुढं, खडीचा माळ. खाली एकच शब्द, पाणी.

मला वाटलं सकाळचं अडकलेलं असेल, आता उमटलं. सुकेशनीताईनं बघितलं आणि खंडेराव मोकळाच होता म्हणून त्याला पाठवलं.

संध्याकाळी तो आला. म्हणाला, लई माणसं होती, रांगेत उभी. भांडण नाही, पाइपाची ओढाओढ नाही, कोणी बोललं पण नाही. एवढं शहाणं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं. टँकर रिकामा झाला तरी रांग तशीच होती, तेव्हा त्याला वाईट वाटलं.

१५ एप्रिल, शुक्रवार

कालची जयंतीची सुट्टी सोडली तर रोज तेच. मशीन झोपतं, उठतं, नेट जातं, खडीच्या माळाचं बुकिंग येतं. खंडेराव आता विचारत नाही, किल्ली घेऊन निघतो. तात्यासाहेब दिवसभर विहिरींवर असतात, त्यांना यातलं काही माहीत नाही.

आज सुकेशनीताईनं मला बाजूला बोलावून विचारलं, माझ्या लक्षात आलं का? खंडेरावनं माठाला हात लावला नव्हता. परवा पण नाही. मी त्याला तांब्या भरून दिला. त्यानं तो हातात धरला, बघितला आणि टेबलावर ठेवला.

"तहानच नाय लागत," तो म्हणाला. "एक तकलीफ गेली म्हणायची."

एवढ्या उन्हातनं आला होता, अंगावर घामाचा थेंब नव्हता.

१७ एप्रिल, रविवार

सुट्टी होती. खडीचा माळ माझ्या खोलीपासून चालत जाण्यासारखा, म्हणून सकाळी गेलो. तिथं नवीन रो-हाउसची साइट आहे. पत्र्याचं कुंपण, सळया, अर्धवट भिंती. वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, इथं वस्ती नाही, मजूर पण पाणी नाही म्हणून गावाकडं गेले, टँकर कधी आला नाही. पण कुंपणाच्या मागं टँकरच्या चाकांचे ठसे होते, जाताना आणि येताना. रोज एवढं पाणी सांडलं तर जमीन ओली पाहिजे. मी हात लावला. पिठासारखी कोरडी होती.

पायांना झिणझिण्या आल्या, म्हणून पाच मिनिटं एका भिंतीच्या सावलीला टेकलो. डोळा लागला असावा. उठलो तेव्हा ऊन पार डोक्यावर आलं होतं.

घरी येऊन दादांना फोन लावला. खडीचा माळ म्हटल्यावर त्यांनी ते नाव कुठं ऐकलं ते आधी विचारलं. मग सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात तिथं खडी फोडायचं काम होतं. गावोगावची माणसं बायकापोरांसकट खोपटं घालून राहिली होती. एका मुकादमाचा टँकर यायचा. एकदा तो आलाच नाही. निरोप घेऊन माणूस गेला, तो निरोप कुठं पोचला नाही. दुपारी सगळी सावलीला पडली, ती उठलीच नाहीत. दादा तेव्हा लहान होते, त्यांच्या आज्याबरोबर मेंढ्या घेऊन तिथनं चालले होते. मेंढ्या पुढं जाईनात.

"रामहरी, तिथं बसला तर नाय ना तू?" दादांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

२० एप्रिल, बुधवार

सापडलं. वीज वाचवायला वायफायचं कार्ड बंद करायची परवानगी मशीनला दिलेली असते. ती खूण काढून टाकली. शिवाय झोपायचंच नाही असं सेटिंग केलं. दुपारी जेवून आलो, मशीन जागं, नेट चालू. बुकिंग फक्त खरी. मला आनंद व्हायला हवा होता.

सुकेशनीताईची मुलगी विशाखा आता रोज ऑफिसात येते. शाळेला सुट्टी लागली, घरी दिवसा कोणी नसतं. दुसरीत आहे. रद्दी कागदांच्या मागं चित्रं काढते आणि सारखी माठाकडं पळते. आज मला म्हणाली, मामा, तुझी बाटली तशीच भरलेली आहे, मी पिऊ का? बघितलं तर खरंच भरलेली होती. कालचीच.

मी कधी पाणी प्यालो ते आठवून बघितलं. शनिवारी प्यालो होतो.

बाटली तिला दिली.

२६ एप्रिल, मंगळवार

खंडेराव दुपारी येऊन तीन नंबरसमोर बसतो. काही करत नाही. आज त्यानं स्वतःच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून ओढली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली. मला दाखवलं. सुकेशनीताई त्याला बळंच दवाखान्यात घेऊन गेली होती. सलाइनच्या बाटल्या चढवल्या, सगळ्या जिरल्या, कातडी तशीच. डॉक्टरांनी दुसरीकडं न्यायला सांगितलं. तो मधेच उठून आला.

"तिकडं लेकरं उभी हायेत, रामहरी," तो म्हणाला. "तू निरोप तोडलास."

मी म्हणालो, तिथं कोणी नाही, मी जाऊन बघितलं. तो म्हणाला, मग तुला का नाय तहान लागत.

मी काम करत राहिलो. भीती वाटायला पाहिजे. एखाद्या दुसऱ्याच माणसाबद्दल ऐकल्यासारखं वाटलं.

२९ एप्रिल, शुक्रवार

जेवून आलो तर तीन नंबर झोपलेलं. खंडेरावनं झोपवलं होतं. त्यानंच उठवलं. लाल फुली. एकामागून एक बुकिंग. पाणी. पाणी. पाणी. पडदा भरून गेला.

सुकेशनीताई खुर्चीतनं उठली. ती म्हणाली, आम्ही चवदार तळ्याची माणसं, तहानलेल्याला नाही म्हणायचं मला जमणार नाही, मी एकदा डोळ्यांनी बघून येते. मी तिला दादांचं सगळं सांगितलं. तरी ती खंडेरावबरोबर गेली. विशाखाला माझ्याजवळ ठेवून.

संध्याकाळी आली. विशाखानं धावत जाऊन पाण्याचा ग्लास पुढं केला. तिनं तो घेतला नाही.

३० एप्रिल, शनिवार

वायफायचं कार्डच काढून खिशात ठेवलं. मशीन उठलं — बुकिंग आलं.

मग वायर काढली. पडदा काळा झाला. दोन नंबर आपोआप झोपलं. उठलं — तेच.

मी विशाखाला माठ भरून ठेवायला सांगितलं. का ते माहीत नाही.

३ मे, मंगळवार

तात्यासाहेबांच्या विहिरी आटल्या. टँकर बंद. ऑफिस दोन दिवसांत बंद करणार म्हणाले. बाकीचे लोक येत नाहीत.

सुकेशनीताई येते. फोन वाजला की होय ताई, होय दादा. फोन वाजत नसला तरी.

विशाखा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, आईचा हात कागदासारखा लागतो, आई घरी पाणी भरतच नाही, मग ती स्वतःच शेजारच्या मावशींकडं मागून पाणी प्याली. तिला गावाकडं तिच्या आजीकडं पोचवायचं ठरवलं. उद्या सकाळी. मी आणि ती. एसटीनं.

४ मे, बुधवार

मोबाइलवर लिहितोय. रेंज नाही.

सकाळी ऑफिसात गेलो, विशाखाला घ्यायला. खाली टँकर उभा. चालू. खंडेराव स्टेअरिंगवर, सुकेशनीताई बाजूला, मांडीवर विशाखा. पोर रडत होती, पाणी पाहिजे म्हणत होती. मी दार उघडून तिला ओढायला गेलो — गाडी निघाली. मी लोंबकळत आत आलो.

खंडेरावला म्हणालो, टँकर रिकामा आहे, कशाला चाललास. तो म्हणाला, पाणी नसलं तरी जायला लागतं. आलं नाही असं होऊ नये.

—

पोचलो. कुंपण नाही. रो-हाउस नाही. नुसता माळ, खडीचे ढीग. रांग. ऊन पांढरं आहे. सगळ्यांच्या हातात हंडे. कोणी बोलत नाही. मला काहीच वाटत नाही.

विशाखाला तहान लागली आहे. एवढं एकच मला कळतंय. तिला अजून तहान लागते.

सुकेशनीताईच्या मांडीवरून तिला उचललं. ताईनं हात घट्ट धरला नाही, सोडला पण नाही. मी एकेक बोट काढलं. कागदासारखं होतं. एसटीसाठी भरलेली पाण्याची बाटली पिशवीत होती हे आत्ता आठवलं, ती विशाखाच्या गळ्यात अडकवली. रांगेतली तोंडं बाटलीकडं वळली — सगळी — एकदम

तिला म्हणालो, मागं बघायचं नाही, चाकांच्या ठशांवरनं पळ, रस्ता लागेल, वॉचमन मामा दिसेल, मग पी. आधी पिऊ नको.

"मामा, तू?"

मी म्हणालो, आलोच.

मी मधे उभा राहिलो. हात पसरून. ती लोकं थांबली. का थांबली माहीत नाही —

पळतेय. लहान दिसतेय. अजून दिसतेय —

वळली. दिसत नाही. वॉचमनची शिट्टी ऐकू आली. नक्की शिट्टीच होती.

आता बरं आहे.

खंडेरावनं खालचा कॉक उघडला. काही आलं नाही. तरी पहिल्या बाईनं हंडा धरला, धरून ठेवला, मग बाजूला झाली. मग दुसरी. सुकेशनीताई खाली उतरली, तिला कोणीतरी जागा करून दिली —

सावली कुठं नाही. पाय दुखत नाहीत.

एक म्हातारी माझ्यापाशी आलीय. तिच्याजवळ दोन हंडे आहेत. एक माझ्याकडं करतेय. मी नको म्हणायला तोंड उघडलं, जीभ

धरला. अगदी हलका आहे. रांगेत माझ्या पुढं