हत्यारं आली, लेथ नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

रीमर मिळाले, भोकं मापात गुळगुळीत करायची हत्यारं! अख्खा संच, लाकडी खोक्यासकट. जुन्या बाजारात एका चादरीवर पडले होते, गंजलेले नळ आणि एक मोडका पंखा यांच्या शेजारी. विकणाऱ्याला ते काय आहे याचा पत्ताच नव्हता. "कसलेतरी ड्रिल आहेत ताई, घेऊन टाका." मी चेहरा कोरा ठेवला. अशा वेळी तोंडावर आनंद दिसला की मेलेच! धारा बोटाने तपासल्या, एकही खचलेली नाही. पिशवीत टाकले आणि बसस्टॉपपर्यंत जवळजवळ पळतच आले.

घरी येऊन रॉकेलमध्ये धुतले, पुसले, तेलाचा हात फिरवला आणि मागच्या खोलीत फळीवर मापाप्रमाणे लावले. हे दारात उभे.

"आता काय राहिलं?"

"लेथ. बाकी सगळं झालं."

"म्हणजे दप्तर, डबा, पाण्याची बाटली, सगळं तयार. पोराचाच पत्ता नाही!"

हसले. मीही हसले. पण बोचलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

पाठ भरून आली आहे. बाजारात तासभर उकिडवं बसायचं वय राहिलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज फळ्या पुसल्या. ड्रिल, आटे पाडायचे टॅप, मायक्रोमीटर, कातायची टूलं. सगळं जिथल्या तिथे. आणि मधे जमिनीवर खडूने आखलेली चौकट — लेथची जागा. मीच आखली आहे. रोज बघते. वेडी म्हणतील लोक, म्हणू देत.

सगळी नोकरी कंपनीच्या टूल स्टोअरच्या खिडकीत गेली. कामगाराने आपलं पितळी टोकन द्यायचं, मी हत्यार द्यायचं. ज्याचं टोकन, त्याच्याच हातात हत्यार. दोस्तासाठी नाही, साहेबाच्या निरोपावरही नाही. "कडक बाई" म्हणायचे मला. खिडकीतून समोरच कोपऱ्यातला लेथ दिसायचा. टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, हँडल फिरवायचा आणि फिरत्या दांड्यावरून लोखंडाचा कीस निघायचा, गरम, निळसर, गोल गोल वळलेला. ट्रेमध्ये पडताना बारीक आवाज व्हायचा. मी हिशेब सोडून तेच बघत बसायचे.

एकदा धीर करून साहेबांना विचारलं, मला लेथ शिकू द्या. "अहो, केस अडकतील तुमचे!" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मी केस खांद्यापर्यंत कापून गेले. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

एवढी हत्यारं हाताखालून गेली, पण त्यातलं एकही मी कधी लोखंडाला लावलं नाही. हे विचारतात, लेथ घेऊन बनवणार काय? काही नाही! एक गोल तुकडा. चकचकीत. मापात बसणारा. माझ्या हाताने. एवढंच हवंय हो मला. पण फार हवंय.

९ नोव्हेंबर, रविवार

फजिती! लिहायलाही लाज वाटते.

जुन्या मशिनींच्या गोडाऊनमध्ये गेले होते. शेठनी लेथ दाखवला, हिरवागार, नवरदेवासारखा नटलेला. माझा जीव तिथेच अडकला. पर्समध्ये सेंटर घेऊन गेले होते. सेंटर म्हणजे लोखंडाचा टोकदार तुकडा, लेथच्या मागच्या भागात बसतो आणि कातायचा दांडा दुसऱ्या बाजूने धरून ठेवतो. त्याच्या निमुळत्या शेपटीला नंबर असतो. शेठच्या लेथमध्ये घालायला गेले — जाईना! ढकललं, फिरवलं. छे.

"ताई, हा दोन नंबरी आहे. तुमचं सेंटर तीन नंबरचं."

आमच्या कंपनीत झाडून सगळे लेथ तीन नंबरचे. जगात दुसरा नंबर असतो हे मला माहीत होतं, पण ते माझ्या डोक्यातच शिरलं नाही. म्हणून वर्षभर जमवलेलं झाडून सगळं तीन नंबरचं!

शेठ पोट धरून हसले. "लोक आधी मशीन घेतात, मग त्याच्या मापाची हत्यारं. तुम्ही आधी हत्यारं घेतलीत? असं कुणी करतं का?"

स्टोअरवाली करते. टर्नरने केलं नसतं.

जाता जाता लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या लांब पट्टीवर, दांडा धरणाऱ्या चकजवळ, नख फिरवलं. पायरी लागली. रंग कालचा, झीज जन्माची. "हे काय शेठ?" म्हटलं, तेव्हा त्यांचं हसू जरा कमी झालं. मग म्हणाले, "तीन नंबरीच हवा असेल, तर एका म्हाताऱ्या टर्नरच्या घरी आहे. त्याची बायको विकतेय. मी त्या भानगडीत पडलो नाही." नंबर लिहून दिला. कसली भानगड, ते सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

फोन केला. बाई म्हणाल्या, उद्या या. त्या आनंदात दूध उतू गेलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सापडला!

घरामागे पत्र्याची खोली, दाराला कुलूप. टर्नरची बायको, मी त्यांना वहिनी म्हणायला लागले, त्यांनी कुलूप काढलं. आत तो लेथ. रंग उडालेला, पण बेड आरशासारखा. नख फिरवलं, कुठे काही लागलं नाही. पर्समधून सेंटर काढलं, हलकेच आत सरकवलं, तळव्याने थोपटलं. बसलं! डोळ्यांत पाणीच आलं, मूर्खासारखं. वहिनी बघतच राहिल्या.

"किती दिवस बंद आहे?"

"झालं की वर्ष."

किंमतही लगेच ठरली. मग म्हणाल्या, "शनिवारी सकाळी टेम्पो आणा. हे दवाखान्यात जातात तपासायला. यायच्या आत न्या."

मी सेंटर काढत होते. बोटांना तेल लागलं. ताजं. खाली ट्रेमध्ये कीस पडला होता, लखलखीत. वर्ष बंद असलेल्या लेथखाली लखलखीत कीस? मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"हात थरथरतो त्यांचा. गेल्या महिन्यात सदऱ्याची बाही आत गेली. मी धावत येऊन बटण दाबलं म्हणून, नाहीतर हात गेला असता. आता मी खोलीला कुलूप लावते, ते दुसरी किल्ली बनवतात. नवं कुलूप आणलं, त्याचीही बनवली! टर्नर माणूस आहे, उद्या कुलपांचा कारखाना काढेल!"

हसायला गेल्या आणि रडल्या. मी त्यांचा हात धरला. शनिवारी येते म्हटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

टेम्पो ठरवला. चार माणसं, खाली सरकवायला लोखंडी पाइप. दार मोजलं, जातो. शनिवारी माझा लेथ येणार. माझा लेथ. नुसतं लिहून बघितलं. छान दिसतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जेवण जात नाही. ह्यांना सगळं सांगितलं. "बायको विकतेय, घर त्यांचं, भांडण त्यांचं. तू कशाला मधे न्यायाधीश?" खरंच आहे. मी कोण?

पण तो माणूस दवाखान्यातून घरी येईल. खिशातून किल्ली काढेल. कुलूप उघडेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नाही जमलं. ज्याचं टोकन नाही त्याला मी जन्मभर साधा पाना दिला नाही. आणि आता अख्खं मशीन त्या टर्नरला न विचारता, त्याच्या पाठीमागे उचलू? सकाळी टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवलं आणि थेट त्यांच्या घरी गेले.

दार टर्नरनीच उघडलं. किडकिडीत, उंच, डावा हात खिशात. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. माझ्याकडे बघितलं, ते बघणं विसरणार नाही.

ते चिडले नाहीत. मग बायकोला म्हणाले, "उद्याच?" त्या पदराला हात पुसत राहिल्या.

"बाई, मी मशीन देणार नाही."

"माहीत होतं."

"मग आलात कशाला?"

"विचारायला."

"चालवता येतो?"

"नाही."

"मग हवाय कशाला?"

काय सांगणार? म्हटलं, "हवाय."

मला खोलीत नेलं. लेथ चालू केला. कसला मऊ आवाज! दांड्याला टूल लावलं आणि हँडल धरलं. हात लटलटत होता. दांड्यावर नागमोडी चरे उठले. त्यांनी मशीन बंद केलं, दांडा काढला, कोपऱ्यात टाकला. आणखी तसे बरेच पडले होते तिथे.

वहिनी फाटकापर्यंत आल्या. "तुम्ही नेला असता, तर मी आजपासून सुखाने झोपले असते. मोठा खरेपणा केलात!"

मी माझा नियम पाळला आणि त्यांच्या जिवाला घोर तसाच ठेवून आले. वर माझेही हात रिकामे. कुणाचं भलं केलं मी?

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज आला असता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हे मागच्या खोलीत कपाटातून काहीतरी काढायला गेले. मी बघत होते. खडूच्या चौकटीत पाय न टाकता, भिंतीला चिकटून, वळसा घालून गेले. तसेच परत आले. एरवी थट्टा केल्याशिवाय राहात नाहीत, आज एक शब्द नाही. मला बाथरूममध्ये जाऊन रडावं लागलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शेठचा फोन. दुसरा लेथ आलाय म्हणे, तोही दोन नंबरी. "सगळी हत्यारं माझ्याकडे बदलून घ्या, करून देतो व्यवस्थित." बघायलाही गेले नाही. कान त्या पत्र्याच्या खोलीतच राहिलेत. तो मऊ आवाज. भांडी घासतानाही तोच ऐकू येतो. आयुष्यभर लांबून बघत होते तेच बरं होतं. जवळ जाऊन, हात लावून परत आले, ते फार वाईट झालं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वहिनींचा फोन. आवाज अजून फुरंगटलेलाच. आठ दिवस दोघांचा अबोला होता. काल रात्री जेवताना टर्नरनी खिशातल्या सगळ्या किल्ल्या काढून ताटाशेजारी ठेवल्या.

"म्हणाले, 'मी आता मशीनला हात लावणार नाही. पण ते बंदही ठेवायचं नाही. त्या बाईंना बोलव. मी स्टुलावर बसून सांगेन, हँडल त्यांनी फिरवायचं.' तेव्हा सोमवारपासून रोज सकाळी या. किल्ल्या माझ्याकडे राहतील, आणि मी दारात बसणार. अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून या, नाहीतर आत सोडणार नाही!"

येते म्हटलं. तेवढ्यात मागून टर्नरांचा आवाज आला, वहिनींनी त्यांचं बोलणं जसंच्या तसं मला सांगितलं — "नीट यायला लागायला दोन वर्षं जातील म्हणावं. तेवढी माझ्याकडे आहेत का, ते त्यांनी विचारायचं नाही."

नाही विचारणार.