कायदाच का शिकायचाय?

पुणे, ६ जानेवारी २०२५

ती. स्व. कल्याणमामा यांस,
यशोधराचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर विचारायचा धीर होत नाही, म्हणून लिहिते. परदेशात कायद्याच्या पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करतेय. कायदाच का शिकायचाय, ते स्वतःच्या शब्दांत दोन पानं लिहून द्यायचंय. मी समता, न्याय, संविधान असं सगळं लिहिलं. आमच्या जयमाला मॅडमनी ते परत दिलं. म्हणाल्या, हे कुणीही लिहील. यात तू कुठे आहेस?

स्मशानाची वाट खुली करा म्हणून पप्पांनी अर्ज दिला आणि आठवड्यात त्यांना उसाच्या बांधावर मारून टाकलं. मी दहा वर्षांची होते. पाहणारा कुणी नाही म्हणून पकडलेले चौघेही सुटले. त्या दुपारी तुम्ही पप्पांसोबत निघाला होतात. कोर्टात म्हणालात, अर्ध्या वाटेतून श्रीरामपूरला गेलो. मामा, खरंच गेला होतात? आई यावर बोलतच नाही.

मामींची चटणी मैत्रिणींनी दोन दिवसांत फस्त केली. रागावलात तरी माया तोडू नका.

तुमची भाची,
यशोधरा

*

ता. कोपरगाव, १६ जानेवारी

चि. यशोधरा हीस आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घिऊन फिरतोय. मी श्रीरामपूरला गेल्तोच न्हाई. लघवीला म्हनून उसात शिरलो, तेवढ्यात ती मानसं आली. तुझ्या पप्पांनी मला दोनदा हाक मारली. मी खाली बसलो. चौघंबी वळखीचे हुते. हाक थांबली तरी मी उठलो न्हाई. मग नदीच्या कडंनं पळालो.

कोर्टात ते समोरच बसले हुते. माझी राजनंदिनी तवा तान्ही. मी म्हनलो, "मी तिथं नव्हतो."

तवापासून तुझी आई माझा उंबरा चढली न्हाई. तिला कळलं असंल. तू लिही. माझं नाव घालून लिही. आता कोर्टात साहेबासमोर सांगायबी तयार हाय.

चटनी पाठवलीय. घ्यावी वाटली तर घे.

मामा म्हनवून घेनारा,
कल्याण

*

पुणे, २ एप्रिल

ती. स्व. मामांस जयभीम.

उत्तराला उशीर झाला. लिहवत नव्हतं.

प्रवेशासाठीचं ते दोन पानी निवेदन पाठवलं. हाक मारणारा माणूस आणि उसात बसलेला माणूस, दोघांबद्दल लिहिलं. तुमचं नाव घातलं नाही. साक्षीदाराला न भिता बोलता यावं म्हणून काय करायला हवं, ते मला शिकायचंय, असं शेवटी लिहिलं. परवा प्रवेश मिळाल्याचं कळलं. पण सुटलेल्यांवर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही. तुमची साक्ष आता कुणी घेणार नाही.

काल घरी जाऊन आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती रडली नाही. पोलिसांच्या आधी ती बांधावर पोचली होती. उसात तुमची चप्पल पडलेली दिसली. तिने ती पदराखाली घेतली आणि नदीत सोडली. तुम्ही पाहिलंय हे त्या लोकांना कळू नये, म्हणून. "नवरा गेला हुता. भाऊ तरी ऱ्हावा," एवढंच म्हणाली. तुमच्याकडे ती येत नाही ते रागाने नव्हे. तुमचं तोंड पाहिलं की पप्पांची केस आपणच बुडवली असं तिला वाटतं.

हे निवेदनात नाही. कुठेच लिहिणार नाही.

तुम्हाला माफ करणं मला अजून जमलेलं नाही. पण रविवारी आई घरी आहे. तुम्हीच जा. मी नसेन.

यशोधरा